विश्वासात नवे आहात? मग आधी जिभेकडे बघा

बाप्तिस्मा झाला, रविवारच्या उपासनेला जाणं सुरू झालं, की नव्या माणसाला वाटतं आता प्रार्थना शिकावी, गीतं पाठ करावी, वचनं तोंडी यावीत. ते होतं हळूहळू. गावाचं लक्ष मात्र दुसरीकडेच असतं. तुम्ही बैलावर कसे ओरडता, कृषी केंद्रवाल्याला काय सांगून उधारी लांबवता, हापशीवर कोणाच्या सुनेबद्दल काय बोलता, हे गाव ऐकत असतं. घरात एकटेच विश्वासात आला असाल तर घरचेही तेच ऐकतात, आणि जरा जास्तच कान देऊन.

विदर्भाच्या खेड्यात राहून बोलणं कसं सावरायचं, ते इथे क्रमाने देत आहे. क्रम पाळलेला बरा. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात, म्हणजे लोकांना उपदेश करण्यापासून, आणि तिथेच घसरतात.

पहिली पायरी: आठ दिवस स्वतःचं बोलणं ऐका

या आठ दिवसांत काही बदलायला जाऊ नका. फक्त ऐका. सकाळी जनावरं सोडताना, दुपारी वावरात मजुरांशी बोलताना आणि रात्री ताटावर बसल्यावर तोंडातून काय निघतं, ते झोपण्याआधी वहीत दोन ओळींत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराला विचारा, "आज मी कोणाला काय बोललो?" पोरांना सगळं आठवतं.

शिव्या सगळेच मोजतात. त्या सुटतातही लवकर, कारण त्या ऐकू येतात. मला जास्त घातक वाटतात ती घरातली रोजची, बिनशिवीची वाक्यं. "याच्यानं काई होत नाई." "कायतोंडी, ज्याच्या घरी जाशील त्याचं वाटोळं करशील." "तुह्या मामासारखाच निघाला तू." बोलणारा ते भाकर मोडता मोडता बोलतो आणि विसरतो. पोरगं विसरत नाही. दहावीत गणित अडलं की त्याला तेच वाक्य पहिलं आठवतं.

येशू म्हणतो, अंतःकरणात जे भरून वाहतं तेच तोंडातून निघतं, आणि माणसं बोलतील त्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल (मत्तय १२:३४-३६). हे ऐकून घाबरायला होतं, होऊ द्या. वहीतली यादी म्हणजे आत काय साचलंय त्याचा पत्ता आहे.

सोबत वाचन ठेवा. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय एका बैठकीत वाचून होतो. घोड्याच्या तोंडातला लगाम, तारवाचं सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी, ही जिभेची तीन चित्रं तिथे आहेत. कडब्याची गंजी पेटलेली ज्याने पाहिली आहे त्याला तिसरं चित्र कोणी समजावून सांगायला नको. मग नीतिसूत्रे घ्या. अध्याय ३१ आहेत, रोज एक धरला तर महिन्यात संपतात, आणि जिभेवरचं वचन जवळपास रोज भेटतं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा शेवट (४:२५-३२) पाठच करा.

दुसरी पायरी: शब्दाची ताकद नेमकी कुठे चालते

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवा विश्वासू सर्वांत जास्त इथेच गोंधळतो.

शब्दाची भीती आपल्याकडे जुनी आहे. तळतळाट लागतो, नजर लागते, म्हातारी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली म्हणजे करणीच केली. या भीतीपायी माणसांना मारहाण झाली, जीव गेले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. विश्वासात येताना माणूस ही भीती गाठोड्यात बांधूनच आणतो. वरून मोबाईलवर एखादा प्रचारक दणक्यात सांगत असतो: तोंडाने घोषित करा आणि मिळालंच समजा, नकारात्मक एक शब्द काढू नका, काढला तर सैतानाला दार उघडलं. जुनी भीती आणि ही नवी शिकवण यांचं लगेच जमतं. मग पऱ्हाटीच्या बोंडात गुलाबी अळी डोळ्याने दिसत असते आणि माणूस म्हणतो, "माझं पीक येशूच्या नावानं निरोगी हाय." शेजाऱ्याने फवारणी केलेली असते, हा घोषणा करत बसतो.

शब्दाने उजेड करणारा देव आहे, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ते लिहिलं आहे. तुमच्या-माझ्या शब्दाने ढग हलत नाहीत. आपला शब्द माणसांवर चालतो. त्याने कोणाची उमेद जाते, कोणाला हिंमत येते, भाऊ तुटतात, तुटलेले बोलू लागतात. नीतिसूत्रे १८:२१ मध्ये जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे असं म्हटलंय ते याच अर्थाने मी घेतो, आणि खेड्यात राहणाऱ्याला त्याचा पुरावा शोधत फिरावं लागत नाही.

दुःख, भीती, नुकसान खरंखरं सांगणं हा अविश्वास नव्हे. तेरावं स्तोत्र उघडा. दावीद देवालाच विचारतो, किती वेळ, अजून किती वेळ, आणि असं चारदा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ही दोन्ही स्तोत्रं प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत, कोणी ती काढून टाकली नाहीत.

तेव्हा अळी लागली तर लागली म्हणा आणि कृषी सहायकाला बोंड फोडून दाखवा. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने चालतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला म्हणून सभेत उभं राहून "मी बरा झालो" अशी साक्ष देऊन गोळ्या सोडणारा माणूस स्वतःलाही फसवतो आणि घरातल्या लेकरांनाही धोक्यात घालतो. साक्ष जरूर द्या. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या की द्या.

तिसरी पायरी: होय म्हणजे होय

डोंगरावरच्या प्रवचनात येशू शपथच घेऊ नका म्हणतो. तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही (मत्तय ५:३७). आपल्याकडे आईची शपथ, विद्येची शपथ, लेकराच्या डोक्यावर हात, हे बोलता बोलता होतं. ते सोडा. सोडल्यावर पहिल्यांदा अडचण येईल, कारण शपथेशिवाय तुमच्या शब्दाला किंमत आहे की नाही ते तेव्हाच कळतं.

ही किंमत वाढवायचा रस्ता रुक्ष आहे. कमी कबूल करा. मजुरी शनिवारी देतो म्हटलं तर शनिवारी द्या. जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी मजुराच्या घरी स्वतः जाऊन सांगा आणि नवी तारीख द्या. तो आठवडी बाजाराच्या वेळी तुमच्या दारात येऊन उभा राहीपर्यंत थांबू नका. फोन उचलायचा नाही म्हणून तो बायकोच्या हातात देऊन "घरी नाई म्हनून सांग" ही युक्ती तर आजपासूनच बंद.

आणि एक. "प्रभूची इच्छा असेल तर" हे शब्द याकोबाच्या पत्रात (४:१५) माणसाने आपल्या बेतांचा गर्व करू नये म्हणून आले आहेत. उधारी लांबवायला ते वापरले की दुकानदार पुढच्या विश्वासूलाही उधार देत नाही.

चौथी पायरी: 'प्रार्थनेचा विषय'

मंडळीत आल्यावर हापशीवरच्या गप्पा कमी होतात. त्या कुठे जातात? बऱ्याचदा प्रार्थना सभेत. घरोघरच्या सभेत हे असं होतं:

"अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा बरं ताई."

"काऊन, काय झालं?"

"मायरी गेली ना थे. आता चार दिवस झाले. दागिन्यायचं काई तरी हाय म्हनते. पन आपल्याले काय करा लागते? प्रार्थना करा फक्त."

सगळे डोळे मिटतात. आमेन होतं. दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीवर दागिन्यांची गोष्ट पोचलेली असते, आणि आता तिच्यात एक पोलीसही आलेला असतो. सून बिचारी भावाच्या लग्नाला गेलेली असू शकते. परत येते तेव्हा बाया तिच्या गळ्याकडे बघतात.

चहाडखोर नसला की भांडण थांबतं, जसं सरपण संपलं की आग विझते, असं नीतिसूत्रे २६:२० सांगतं. सरपण भक्तिभावाने आणून घातलं तरी ते जळतंच. म्हणून नियम ठरवा. दुसऱ्याचा विषय त्याला विचारल्याशिवाय सभेत मांडायचा नाही. विचारता येत नसेल तर नाव न घेता, "एका घरासाठी" इतकंच म्हणायचं. आणि कोणी तुमच्यापाशी तिसऱ्याची गोष्ट आणली तर म्हणा, "चाल ताई, इथंच प्रार्थना करू, मंग तू तिलेच जाऊन भेट." पुढची गोष्ट बहुधा येत नाही.

एखाद्याने खरंच तुमचं वाईट केलं असेल तर मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम दिला आहे. आधी त्याला एकट्याला गाठून सांगा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरी नाही तर मंडळीला सांगा. आपण उलटं करतो, मंडळीला आधी माहीत असतं आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी. खेड्यात एकटं गाठायचं म्हणजे कुठे, हाही प्रश्नच. पानठेल्यावर नको, त्याच्या घरी बापासमोर नको. वावरात जाता-येता रस्त्यावर बरोबर चालताना बोला. शेजारी शेजारी चालताना डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत, माणूस ऐकून घेतो.

व्हॉट्सॲप ग्रुपला हेच सगळं लागू आहे. वचनाचं चित्र रोज सकाळी टाकणारा माणूस रात्री दुसऱ्या जातीवर, दुसऱ्या धर्मावर आलेलं काहीही न वाचता पुढे ढकलतो. ढकललेला शब्दही तुमचाच.

पाचवी पायरी: धुऱ्यावर

शेजाऱ्याने नांगरता नांगरता धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, हातभर खाल्ला. तुमचा पारा चढला. मृदू उत्तराने राग शांत होतो आणि कठोर शब्दाने पेटतो, हे वचन (नीतिसूत्रे १५:१) तेव्हा आठवणार नाही. त्यामुळे पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा, घरीच. "काकाजी, धुरा सरकल्यासारखा वाटते मले. संध्याकायी दोघंबी खुंटा पाहू." एवढंच बोलायचं आणि घरी यायचं. त्याच्या आज्यापर्यंत जायचं नाही.

मऊ बोलणं म्हणजे जमीन सोडणं नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो, तो करा. गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिथे बसा. १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली ती अशाच भांडणांसाठी. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं पौल लिहितो (इफिस ४:२६), मोजणीला महिने लागतात. राग वेगळा, मोजणी वेगळी.

घरात मार खाणाऱ्या बाईला मात्र "मऊ बोल, सहन कर" हे वचनाच्या नावाने कोणी सांगू नये. तिथे गप्प राहणं हा सद्गुण नाही. महिलांची हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२. मंडळीतल्या बायांना हे दोन्ही नंबर पाठ असायला हवेत.

सहावी पायरी: दुःखाच्या घरी कमी बोला

ईयोबाचे मित्र आले, त्याला पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं, तुझंच काही पाप असेल म्हणाले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला (४२:७).

आपल्याकडे कर्जापायी माणूस गेलेल्या घरी जायची वेळ येते. तिथे "देवाची इच्छा होती", "विश्वासात असता तर असं केलं नसतं", "दारू पीत होता ना?" यातलं एकही वाक्य बोलू नका. तिथे नरकाची चर्चा करणाऱ्याला उठवून बाहेर न्या. बसा. जनावरांना पाणी दाखवा, बैलापुढे कडबा टाका, लेकरांना आपल्या घरी जेवायला न्या. तेरवी झाली की पाहुणे जातात. तुम्ही त्यानंतर जा, आणि तहसीलच्या कागदांसाठी बाईसोबत एक चक्कर मारा. रडणाऱ्यांबरोबर रडा असं शास्त्र म्हणतं (रोम १२:१५), त्यांना समजावा असं तिथे म्हटलेलं नाही.

जिवंत माणूस कधी कधी पानठेल्यावर हसत हसत बोलून जातो, "आता काई राम नाई राह्यला जगन्यात." ते हसण्यावारी नेऊ नका. बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येते काय मनात?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं औषध-फवारणीचं सामान दुसरीकडे हलवा, घरच्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत. बोललेल्या शब्दाने जीव वाचतो ही गोष्ट इथे अक्षरशः खरी आहे.

सातवी पायरी: आता साक्ष

इतकं झालं की मग लोकांशी विश्वासाबद्दल बोला. पेत्र म्हणतो, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). विचारणाऱ्याला, हे लक्षात घ्या. पारावर बसलेल्या, न विचारणाऱ्या दहा जणांना नव्हे.

कोणी "राम राम" म्हटलं, "जय भीम" म्हटलं, गोंड पाड्यावर "जय सेवा" म्हटलं, तर तोंड फिरवू नका. हात जोडा, नाव घेऊन हाक मारा, घरच्यांची विचारपूस करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं त्याने विदर्भातल्या हजारो घरांना मान वर करून बोलायला लावलं. त्या घरातल्या माणसाच्या नमस्काराला तुच्छतेने घेणारा ख्रिस्ती येशूची काही शोभा वाढवत नाही. आजी देव्हाऱ्यासमोर बसलेली असताना "हे सैतानाचं" म्हणणारे नवे उत्साही मी पाहिले आहेत. त्यांनी प्रेषितांची कृत्ये १९:३७ वाचावं. इफिसात दंगल उसळली तेव्हा तिथला नगरलेखकच जमावाला सांगतो की या माणसांनी ना मंदिर लुटलं, ना आपल्या देवीची निंदा केली. पौलाच्या माणसांची ही साक्ष एका परक्याने दिली.

मराठी कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण तर आपल्याच रुळांवरचं आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी अदबीने गप्पा केल्या, कवितेवर बोलला, उतरताना नवा करार हातात दिला. वादविवाद झाला असता तर टिळक जिंकले असते, असा माझा अंदाज आहे. पंडित माणूस होता. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बरं होण्याचं, नोकरीचं, पैशाचं आमिष चुकूनही दाखवू नका. "प्रार्थना करतो" म्हणा आणि करा. "बरं होईलच" म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही.

रोजच्यासाठी दोन गोष्टी

पहिली, आशीर्वाद. रात्री लेकराच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद म्हणा, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो, इथून सुरू होतो तो. वऱ्हाडातल्या बापाला हे जड जातं, लाज वाटते. पहिले काही दिवस पोरगंही हसेल. म्हणत राहा. शिवाय दिवसात एकदा पाहिलेली खरी गोष्ट बोलून दाखवा: "आज तू वासराले न सांगता पानी पाजलं, मी पायलं." नुसतं "शाबास" पोरांना खोटं वाटतं.

दुसरी, माफी. जीभ घसरणारच, सर्व प्रकारचे प्राणी माणसाने वश केले, जीभ कोणालाच वश करता आली नाही, असं याकोबच लिहितो (३:७-८). घसरली की त्याच दिवशी जा. "माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं", आणि इथे वाक्य थांबवा. "पण तू सुद्धा" सुरू झालं की माफी गेली. समोरच्याने माफ केलं नाही तर गळ घालू नका, दुसऱ्या दिवशी पास्टरांना घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. घरात बोलला असाल तर घरात माफी मागा. पानठेल्यावर चौघांसमोर बोलला असाल तर त्याच पानठेल्यावर, त्याच चौघांसमोर मागा, आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.